लोणीफळाची आढी

आमच्या सांगलीच्या घरीं आंब्याची आढी घालण्याचा मान सासूबाईंचा. त्यांना आम्ही सर्वजण माई म्हणतों. मी ह्या घरांत सून म्हणून आलें तेव्हां पंक्तीला सतरा माणसें असत. आज दोघां भावांचीं कुटुंबें, माई आणि सुटीला येणारीं मुलें धरून दहा-अकरा होतात. माणसें कमी झालीं, परंतु आढीची रीत बदलली नव्हती. कोंकणांतून पेट्या आल्या कीं माजघरामागील अंधाऱ्या खोलींत भाताचा पेंढा अंथरावयाचा, त्यावर आंबे एकमेकांस चिकटणार नाहींत असे मांडावयाचे, वर पुन्हां पेंढा. आणि मग चार दिवस त्या खोलीकडे कोणीं फिरकावयाचें नाहीं. पांचव्या दिवसापासून माई रोज सकाळीं स्नान करून एकट्या आंत जात आणि परातींत त्या दिवसाचे आंबे घेऊन बाहेर येत. "आज आठ," एवढेंच म्हणत. त्या आठांतला एकहि कधीं आंबट निघाल्याचें मला आठवत नाहीं. नव्या नवलाईच्या दिवसांत मीं एकदां त्यांना विचारलें कीं, हें तुम्हांला कळतें तरी कसें? त्या म्हणाल्या, "रंग सांगतो, वास सांगतो, दोघांचें जमलें नाहीं तर बोटाला विचारावें."

पुढें माईंना काचबिंदू झाला. मोतीबिंदू काढतां येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंब घालून उरलेली राखावयाची, एवढेंच डॉक्टरांच्या हातीं असतें. आणि तो येतो तोहि चोरपावलांनीं, कडेकडेनें. समोरचें दिसत असतें तोंवर आपलें कांहीं गेलें आहे हें त्या माणसाच्याहि ध्यानांत येत नाहीं. माई उंबऱ्याला ठेचाळत, ताटाशेजारचें भांडें लवंडत, आणि आम्ही "वय झालें" म्हणून सोडून देत असूं. कळलें तें आढीमुळें. एके दिवशीं व्याही जेवावयास आले होते. माईंनीं निवडून आणलेल्या आंब्यांत एक देंठाजवळ पार काळा पडलेला निघाला, आणि धाकट्या नातवानें तो उंच धरून, मोठ्यानें हंसून सर्वांना दाखविला. पोराला काय समजणार! परंतु त्या दिवसापासून माई त्या खोलींत गेल्या नाहींत. "आतां तुम्ही बघा," म्हणाल्या.

हें लिहितांना मला लाज वाटते ती एवढ्याचसाठीं कीं, आम्हांला तें सोयीचें वाटलें. माई एकेक आंबा हातांत घेऊन तास घालवीत. जाऊबाई व मी तेंच काम दहा मिनिटांत उरकूं लागलों. पुढें पेंढा आणण्याचाहि कंटाळा येऊं लागला आणि आंबे पेटींतच पिकूं लागले. किती आंबट निघाले, किती सडले, ह्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. माई आरामखुर्चींत बसून रेडिओ ऐकत. असे तीन उन्हाळे गेले.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत, आंब्याचा शेवटचा रस होऊन आठवडा झाला असेल नसेल, तोंच जाऊबाईंचा मुलगा बंगळूरहून आला. तो तेथें नोकरीस आहे. त्याच्या एका मित्राचा कोडगूंत कॉफीचा मळा आहे. त्या मळ्यांतल्या सावलीच्या झाडांचीं चोवीस फळें त्यानें खोक्यांत घालून मिरजेपर्यंत रेल्वेनें आणलीं होतीं. उलट्या गडूसारखीं, मानेशीं निमुळतीं, बुडाशीं गोल. साल तेलकट हिरवी. मुलें म्हणालीं, "अवोकॅडो!" पुतण्या म्हणाला, बंगळूरच्या बाजारांत ह्याला बटर फ्रूट म्हणतात आणि कानडींत बेण्णे हण्णु. माईंचें माहेर बेळगांवकडचें, कानडी त्यांच्या कानांवरून गेलेली. त्या खुर्चींतूनच म्हणाल्या, "बेण्णे म्हणजे लोणी. मग लोणीफळ म्हणा कीं." तेंच नांव आमच्या घरांत रूढ झालें.

ह्या फळाचें मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील नाहुआ लोकांचा शब्द आहुआकाट्ल. त्याचें स्पॅनिश लोकांच्या तोंडीं आग्वाकाते झालें. आपल्याकडे हीं झाडें विसाव्या शतकाच्या आरंभीं लागलीं व दक्षिणेंतील डोंगराळ मुलखांत, कोडगू, वायनाड, निलगिरी, पळणीचे डोंगर ह्या भागांत रुजलीं. दूर सिक्कीममध्येंहि आहेत. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर ज्या कुळांतले त्याच कुळांतलें हेंहि झाड आहे हें ऐकून मला मात्र थोडा धीर आला. आपल्या मसाल्याच्या डब्याशीं ज्याचें नातें आहे तें अगदींच परकें कसें म्हणावें?

परंतु पहिल्या चोवीस फळांची आम्हीं जी दुर्दशा केली ती सांगण्याजोगी आहे. पुतण्या दुसऱ्याच दिवशीं परत गेला, आणि फळें आमच्या शहाणपणाच्या स्वाधीन झालीं. पहिलें त्याच दिवशीं कापलें. तें कच्च्या दुधीसारखें कठीण, चवीला तुरट व रबरासारखें लागलें. कच्चें आहे तर भाजी करावी, असा विचार जाऊबाईंनीं केला व चार फळें फोडणींत टाकून चांगलीं शिजविलीं. शिजल्यावर तीं अशीं कडू झालीं कीं भाऊजींनीं पहिला घांस घेऊन जाऊबाईंकडे नुसतें पाहिलें. मागाहून कळलें कीं, हें फळ चुलीवर फार वेळ ठेविलें कीं कडवटतेंच. मग मीं सहा फळें फ्रिजमध्यें ठेविलीं. आठवड्यानें काढलीं तों बाहेरून दगड व आंतून करडीं. पुढें तीं पिकलींच नाहींत. उरलेलीं मुलांनीं, कोठेंसें वाचून, केळ्यांबरोबर एका मोठ्या कागदी पिशवींत कोंबलीं. तीं सारीं एकाच दिवशीं पिकलीं. डझनभर लोणीफळें एका दिवशीं खाणें हें सतरा माणसांच्या पंक्तीलाहि साधलें नसतें. शेजारीं वाटलीं, त्यांनींहि तीं मोठ्या सौजन्यानें स्वीकारलीं, एवढेंच म्हणतें.

पुतण्याला टेलिफोनवर हें सारें ऐकविलें तेव्हां तो पोट धरून हंसला, आणि मग त्यानें जें सांगितलें त्यानें माझे डोळे उघडले. हें फळ झाडावर पिकतच नाहीं. पुरें तयार झालें तरी फांदीवर तें टणकच राहतें, कित्येक आठवडे राहतें. तोडल्यावर मगच पिकूं लागतें. आंब्याला पाड लागतो. पाडाच्या आंब्यावरून झाडाचे बाकीचे आंबे उतरविण्याची वेळ कळते. लोणीफळाला पाड नाहीं. त्याचें पिकणें सगळें घरांत, माणसाच्या देखरेखीखालीं व्हावयाचें. म्हणजे त्याला आढीवांचून गत्यंतरच नाहीं! थंडींत कच्चें ठेविलें तर पिकण्याची क्रियाच बिघडते. उलट केळें किंवा सफरचंद जवळ ठेविलें तर त्यांच्या अंगांतून निघणाऱ्या एथिलीन नांवाच्या वायूनें तें लवकर पिकतें.

हें मी जाऊबाईंना सांगत होतें. माई ऐकत होत्या. "त्यांत नवें तें काय," त्या म्हणाल्या. "आढींत एक पिकलें कीं शेजारच्याला पिकवतें. म्हणून तर रोज काढावयाचे."

दुसरी पेटी आषाढी एकादशीच्या चार-पांच दिवस आधीं आली. ह्या वेळीं आम्हीं शहाण्यासारखीं फळें गोणपाटावर एका थरानें मांडलीं. आतां प्रश्न उरला तो ओळखण्याचा. कोडगूकडील हीं फळें पिकलीं तरी हिरवींच राहतात. मी आंगठ्यानें दाबून पाहत होतें. जाऊबाई देंठाची टिकली नखानें उचकटून आंत हिरवें दिसतें कीं तपकिरी तें बघत होत्या, कारण मोबाईलवर तशी युक्ति सांगितली होती. आमचा वाद चालला होता. माई म्हणाल्या, "इकडे आण एक."

मीं एक फळ त्यांच्या हातांत दिलें. त्यांनीं तें आंगठ्यानें दाबलें नाहीं. तळहातांत घेऊन चारहि बोटें त्याच्याभोंवतीं अशीं मिटलीं, जणूं पाखराचें पिलूं धरलें आहे. मग देंठाशीं एक बोट टेकविलें. मग फळ कानाशीं नेऊन हलकेंच हलविलें. "आंत बी वाजते," म्हणाल्या. "हें आज." दुसरें घेतलें. "हें परवां." तिसरें. "हें अजून चार दिवस बघूं नको." कांहीं जातींत फळ पिकलें कीं बी आंतून सुटते व खुळखुळते, ही गोष्ट मला पुढें पुतण्याकडून समजली, माईंना ती त्या क्षणीं कानानें समजली.

पहिलें फळ त्याच दुपारीं कापलें. आंतील गर सालीजवळ पोपटी, बीजवळ पिंवळसर, आणि सुरीला लोण्यासारखा. मी काय बोलावें तें न सुचून तशीच उभी राहिलें. आमच्यापैकीं कोणाहि डोळसाला जें कळलें नाहीं तें त्यांना कळलें होतें, कारण ह्या फळाला रंगाची बोलीच नव्हती. रंग न पाहतां जें ओळखावयाचें तें ओळखण्यांत आम्ही सारीं माईंच्या मागें होतों.

त्या संध्याकाळीं माईंनीं तीन टोपल्या मागविल्या. आजची, उद्यांची, मागाहूनची. माजघरामागची खोली पुन्हां झाडून घेतली. गोणपाट काढून पेंढा अंथरविला. भिंतीला हात लावीत त्या आंत जात आणि दोन-तीन फळें घेऊन बाहेर येत. एकदांच त्या चुकल्या. फळ हाताला उत्तम लागलें होतें, परंतु आंत काळ्या शिरा निघाल्या. तें बाहेरून कोणालाच कळलें नसतें. तरी माई दिवसभर गप्प होत्या.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. घरांत मांडलेलें कच्चें फळ हवामानाप्रमाणें तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत पिकतें. पिकलें म्हणजे मग फ्रिज कामाचा. तेथें तें आणखी दोन-तीन दिवस थांबतें. माई फ्रिजला "थंडा तुरुंग" म्हणतात, परंतु पिकलेल्याला तेथें ठेवण्यास त्यांची आतां हरकत नाहीं. चिरलेलें फळ वाऱ्यानें काळें पडतें. त्यावर लिंबूं चोळून घट्ट झांकून ठेवावें. बी तशीच आंत ठेवली तर फळ काळें पडत नाहीं असें म्हणतात, पण बीखालची जागा तेवढी हिरवी राहते, बाकीची नाहीं. आमच्या पुतसुनेनें अख्खीं फळें पाण्यांत बुडवून ठेवण्याची युक्ति कोठेंशी पाहिली होती. तशानें सालीवरील जंतु पाण्यांत वाढून आंत शिरूं शकतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२२ सालीं ती करूं नका असें सांगितलें. कापतांना फळ पाटावर ठेवून सभोंवार सुरी फिरवावी व दोन्ही अर्धें पिळून सोडवावींत. फळ तळहातावर धरून सुरीचें टोंक बीमध्यें खुपसण्याचा पराक्रम आमच्या थोरल्या नातवानें केला व तीन टांके घालून घेतले.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतें. आंब्याच्या साली-कोयी शेजारच्या गाईला घालण्याची आमची जुनी संवय. लोणीफळाच्या साली मी तशाच टोपलींत घेऊन निघालें होतें. पुतण्यानें ऐन वेळीं थांबविलें. ह्याच्या पानांत, सालींत व बींत एक विषारी द्रव्य असतें. माणसाला त्याचा त्रास होत नाहीं, पण गाईम्हशींना, शेळ्यांना आणि पांखरांना होतो. साली खतांत घालाव्या. गोठ्याकडे नेऊं नयेत.

खाण्याविषयीं घरांत तीन पक्ष पडले. पुतसून कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबूं व मीठ घालून गर कालविते. मेक्सिकोंत ह्यालाच ग्वाकामोले म्हणतात. माईंनीं चव घेऊन सांगितलें, "ही आपली कोशिंबीर." त्यांचा स्वतःचा पक्ष दह्याचा. गर कुसकरून त्यांत दही, मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून जिऱ्याची फोडणी गार करून. ऊन फोडणी घालूं नये. भाऊजींचा पक्ष बंगळूरच्या रसवाल्यांचा, म्हणजे दूध आणि भरपूर साखर. भाऊजींना मधुमेह असल्यामुळें हा पक्ष अल्पमतांतच ठेवावा लागतो. माझें मत विचाराल तर ज्वारीच्या गरम भाकरीवर हा गर लोण्यासारखा पसरावा, वर लसणाची चटणी भुरभुरावी, आणि कोणाशीं बोलूं नये.

एकादशीला मोठाच खल झाला. लोणीफळ उपासाला चालतें काय? भाऊजी म्हणाले, शास्त्रांत नाहीं. आमच्या ह्यांनीं आयुष्यभर इतिहास शिकविलेला, ते म्हणाले, "मग ताटांतलें काय काय काढूं? बटाटा, शेंगदाणे, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, हीं सर्व अमेरिकेचीं. पोर्तुगीज येण्यापूर्वीं आपल्याकडे कोणीं तीं पाहिलींहि नव्हतीं. पेरू, पपई, अननसहि त्याच वाटेनें आले." भाऊजींनीं शेंगदाण्याचा कूट चमच्यानें बाजूला सारला, थोडा विचार केला, आणि पुन्हां ओढून घेतला. माईंनीं निकाल दिला तो असा: फळ आहे, देवाला दाखवा, आणि ज्याला चालेल त्यानें खावें. देवापुढें वाटी ठेवली गेली. भाऊजींनीं त्या दिवशीं वरईच खाल्ली. द्वादशीला मात्र सारें दुपटीनें भरून काढलें.

ह्या फळाच्या पौष्टिकपणाचा गवगवा फार आहे. शंभर ग्रॅम गरांत सुमारें पंधरा ग्रॅम स्निग्धांश, बहुतेक ऑलिव्हच्या तेलांत असतो त्या जातीचा. सात ग्रॅमच्या आसपास तंतु. साखर एका ग्रॅमहूनहि कमी. उष्मांक एकशें साठ. मोठ्या, पाणचट जातींत स्निग्धांश उणा असतो. पोटॅशियम भरपूर असल्यामुळें मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं वैद्याला विचारूनच खावें. ह्यापलीकडे मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. अन्न औषधासारखें मोजून खाऊं लागलें कीं पंक्तीची मजा जाते.

हंगाम संपल्यावर मुलांनीं बाजारांतून आणण्याचा आग्रह धरला. पुण्यास गेलों असतां एका फळांच्या दुकानांत लहान, खडबडीत, काळपट फळें मांडलेलीं होतीं. ही हॅस जात. कॅलिफोर्नियांतील रुडॉल्फ हॅस ह्या टपालवाल्याच्या वाडींत एक झाड बीपासून उगवलें. त्यानें १९३५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तें मूळ झाड २००२ सालीं मेलें, परंतु आज जगाच्या बाजारांत जाणारीं बहुतेक लोणीफळें त्याच्याच कलमांचीं. हें हिरव्याचें काळें होतें, म्हणून ह्याला रंगाची भाषा येते. तरी काळें तें पिकलेलें कीं फार पिकलेलें हें रंग सांगत नाहीं. एका फळाच्या पैशांत दोन डझन केळीं आलीं असतीं. मीं आंगठा पुढें केला तोंच माईंनीं माझें मनगट धरलें. "दाबूं नको. तूं दाबलेलें उद्यां दुसऱ्या कोणाच्या घरीं काळें निघेल." मग त्या स्वतः एकेक फळ तळहातांत घेऊं लागल्या. दुकानदार जरा त्रासून म्हणाला, "आजी, दाबूं नका." माई म्हणाल्या, "दाबत नाहीं बाबा, विचारतें आहे."

ह्या वर्षीं वैशाखांत आंब्याच्या पेट्या आल्या. त्या कोठें उतरवाव्या हें मीं हमालाला सांगण्यापूर्वींच माईंनीं खुर्चींतून विचारलें, "पेंढा आहे कां?" पेंढा नव्हता. ह्यांनीं स्कूटरवरून जाऊन दुपारपर्यंत आणला. माईंनीं आढी घालविली. पांचव्या दिवशीं स्नान करून त्या निघाल्या, उंबऱ्याशीं थांबल्या, आणि ज्यानें तो काळा आंबा उंच धरला होता त्या नातवाला त्यांनीं हांक मारली. तो आतां तेरा वर्षांचा आहे. "तूं चल माझ्याबरोबर. वास मी घेतें. डाग तूं बघ."

दोघें अर्धा तास आंत होतीं. आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरांत कान देऊन बसलों होतों. "हा?" "देंठाशीं ठिपका आहे, आजी." "मोठा?" "मोहरीएवढा." "मग आजच काढ." असें चाललें होतें. शेवटीं नातू परात घेऊन बाहेर आला आणि अगदीं त्यांच्याच स्वरांत म्हणाला, "आज सात."

त्यांतला एक आंबट निघाला. तो भाऊजींच्या वाट्यास गेला.